पेन्सिलीने थांबवलेली गाडी

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका अभियांत्रिकी सल्लागार कचेरीत मी मेट्रोच्या रूळमांडणीचे काम करते. प्रवाशाला स्थानकात जो नकाशा दिसतो त्यात एका मार्गाची एकच रंगीत रेघ असते. आमच्या आराखड्यात त्याच रेघेचे दोन रूळमार्ग होतात, त्यांना जोडणारे तिरके सांधे येतात, टोकाला गाड्या उभ्या करण्याची जागा येते आणि बिघडलेली गाडी बाजूला घेण्यासाठी मध्येच एखादा पॉकेट ट्रॅक येतो. कोणती गाडी कुठून कुठे जाऊ शकेल हे या आराखड्यावर ठरते, आणि मार्ग जमिनीखालून जाणार असेल तर ते जवळजवळ कायमचे ठरते. गेल्या पावसाळ्यातल्या एका दिवशी हे मला जितके स्पष्ट दिसले तितके आधी कधी दिसले नव्हते, म्हणून त्या दिवसाबद्दल लिहीत आहे.

प्रकरण एका दुसऱ्या शहराच्या मेट्रोचे होते. तिच्या भुयारी टप्प्यात, मधल्या स्थानकाला लागून आम्ही एक सिझर्स क्रॉसओव्हर दाखवला होता, म्हणजे अपवरून डाउनवर आणि डाउनवरून अपवर नेणारे दोन तिरके मार्ग एकमेकांना छेदून फुलीच्या आकारात बसवलेले. काम देणाऱ्या संस्थेकडून सकाळी कळवण्यात आले की खर्च आटोक्यात आणण्यासाठी हा क्रॉसओव्हर वगळण्याचा विचार आहे, संध्याकाळच्या बैठकीपूर्वी अभिप्राय द्यावा.

मागणी अवाजवी मुळीच नव्हती. उन्नत मार्गावर दोन्ही रूळ एकाच पुलावर शेजारी शेजारी असतात, त्यामुळे सांध्याला वेगळी जागा फारशी लागत नाही. बोगद्यात तसे नसते. टीबीएम, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्राने खणलेले अप आणि डाउनचे दोन स्वतंत्र बोगदे असतात. आपल्याकडच्या अलीकडच्या मेट्रो बोगद्यांचा आतला व्यास साधारण ५.८ मीटर असतो आणि त्यात एका गाडीपुरतीच जागा असते. दोन बोगद्यांच्या मधे माती किंवा खडक असतो, त्यातून सांधा काढायचा तर वरून जमीन उघडून मोठी पेटी, ज्याला आम्ही स्टेशन बॉक्स म्हणतो, ती आणखी लांबवावी लागते. १ : ९ च्या सांध्यावर गाडी नऊ मीटर पुढे जाते तेव्हा एक मीटर बाजूला सरकते. मध्ये फलाट असलेल्या स्थानकात दोन रुळांमधले अंतर पंधरा मीटरच्या आसपास असेल तर एका रुळावरून दुसऱ्यावर जायलाच सुमारे १३५ मीटर लागतात. सहा डब्यांची गाडीही साधारण तेवढीच लांब असते. म्हणजे एका क्रॉसओव्हरसाठी जवळपास आणखी एका फलाटाएवढी पेटी खणायची, तेवढा रस्ता अधिक काळ बंद ठेवायचा, तेवढ्या जलवाहिन्या आणि मलवाहिन्या हलवायच्या आणि तेवढ्या जास्त इमारतींच्या पायांवर लक्ष ठेवायचे. हिशेब करणाऱ्याचे लक्ष आधी तिथेच जाणार.

आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीने दुपारपर्यंत गाड्यांच्या धावण्याचे सिम्युलेशन दोन्ही प्रकारे चालवले, क्रॉसओव्हरसह आणि त्याच्याशिवाय. ती आलेखाची दोन पाने घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. "मॅडम, काहीच फरक येत नाही," ती म्हणाली. "फेरीचा वेळ तोच, गाड्यांची संख्या तीच, दोन गाड्यांमधले अंतरही तीन मिनिटांचेच राहते." दोन्ही पाने एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरली तरी रेषा जुळत होत्या. रोजच्या वेळापत्रकातली एकही गाडी तो सांधा वापरत नव्हती, त्यामुळे दुसरे काही निघण्याची शक्यताही नव्हती.

आमच्या कचेरीत सल्लागार म्हणून येणारे एक काका आहेत. त्यांनी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर म्हणून, म्हणजे एका पट्ट्यातल्या गाड्यांची ये-जा सांभाळण्यात, उमेदीची वर्षे घालवली. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर आणि त्यावर तिरप्या रेघांनी गाड्या, असा तक्ता ते वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने भरत आले. मी त्यांच्यासमोर पाने ठेवून म्हटले, "काका, आलेख जसाच्या तसा आहे." त्यांनी चष्मा वर सरकवून दोन्ही पाने पाहिली आणि म्हणाले, "अगं, हा सगळं सुरळीत चाललेल्या दिवसाचा आलेख आहे. पेन्सिल दे."

त्यांनी सकाळी पावणेनऊची एक डाउन गाडी निवडली आणि मधल्या स्थानकाच्या जरा पुढे तिची तिरपी रेघ मोडून आडवी ओढली. आडवी रेघ म्हणजे वेळ जातो आहे आणि गाडी जागची हललेली नाही. मग त्यांनी मागून येणारी गाडी घेतली, तिची रेघही मागच्या स्थानकावर आडवी केली, मग तिच्या मागची. एकेक रेघ आडवी होत गेली तशी आलेखाच्या त्या भागात पेन्सिलीची काळी पट्टी तयार झाली, आणि टेबलाभोवती उभे असलेले आम्ही सगळे गप्प झालो. सहा डब्यांच्या भरलेल्या गाडीत दीड हजारावर माणसे असतात. त्या पट्टीतली प्रत्येक रेघ तेवढ्या माणसांची होती.

"आता हिला सोडवा," काका म्हणाले, आणि पुढचा हिशेब आम्ही तिथेच केला. मधला क्रॉसओव्हर काढला तर उरलेल्या दोन क्रॉसओव्हरमधले अंतर सहा किलोमीटर होत होते. डाउन मार्ग अडला तर या सहा किलोमीटरमध्ये दोन्ही दिशांच्या गाड्या एकट्या अप मार्गावरून आळीपाळीने सोडाव्या लागतात. थांबे धरून सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटर मानला तर गाडीला जायला दहा मिनिटे, समोरून येणारीला दहा मिनिटे आणि सांधे बदलून मार्ग मोकळा झाल्याची खात्री करायला दोनेक मिनिटे लागतील. म्हणजे एका दिशेला बावीस मिनिटांनी एक गाडी. एरवी तेवढ्या वेळात सात गाड्या आल्या असत्या. मधला क्रॉसओव्हर ठेवला तर एकेरी मार्ग तीन किलोमीटरचाच राहतो आणि हेच चक्र बारा मिनिटांत पूर्ण होते, म्हणजे चारातली एक गाडी पुढे जाते. एकामागोमाग दोन गाड्या एकाच दिशेने सोडून थोडी सुधारणा करता येते, पण मग समोरच्या दिशेची माणसे तितकी जास्त ताटकळतात. चार गाड्यांतली एक आणि सात गाड्यांतली एक, या दोन स्थितींत फलाटावर फार मोठा फरक पडतो. पहिल्या स्थितीत गर्दी दाटते पण हलत राहते. दुसऱ्या स्थितीत भुयारी स्थानकाचे दरवाजे बंद करून लोकांना वरच रस्त्यावर थांबवावे लागते.

एवढे झाल्यावर अभिप्रायाचा रोख पक्का झाला. पण खर्च वाचवायला निघालेल्या संस्थेला बिघाडाच्या दिवसाचे चित्र दाखवून भागत नाही. "सांधा लागलाच तर पुढे बसवू" असे उत्तर हमखास येते, आणि त्याला तोड म्हणून मी मुद्दाम दुसऱ्यांच्या अनुभवाची दोन पाने जोडली.

लंडनची भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली. रस्ते उकरून, खाली रूळ टाकून, वरून पुन्हा झाकत ती बांधलेली होती, म्हणून तिला फाटे फोडणे तुलनेने सोपे गेले. त्याच शहरात १८९० साली खोल बोगद्यातून विजेवर धावणारी पहिली रेल्वे आली. तिचे सुरुवातीचे बोगदे जेमतेम ३.१ मीटर व्यासाचे होते. पुढे हा मार्ग दुसऱ्या मार्गाशी जोडायचे ठरल्यावर १९२२ ते १९२४ या काळात ते बोगदे फोडून रुंद करावे लागले. मात्र याच जोडणीत कॅम्डेन टाउनला जमिनीखाली जे जंक्शन बांधले, ते पाहताना आजही माझी नजर हटत नाही. उत्तरेच्या दोन शाखांपैकी कोणत्याही शाखेवरची गाडी दक्षिणेच्या दोनपैकी कोणत्याही शाखेवर जाऊ शकते आणि तसे करताना समोरून येणाऱ्या गाडीचा मार्ग एकाच पातळीवर कापत नाही, कारण बोगदे एकमेकांच्या वरखालून नेले आहेत. शंभर वर्षांपूर्वी हातांनी काढलेला तो आराखडा आहे.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आमच्या कचेरीतले निम्मे लोक रोज कळवा-मुंब्रा पट्ट्यातून येतात. पारसिकचा बोगदा १९१६ मध्ये सुरू झाला, लांबी सुमारे १.३ किलोमीटर, आत दोन रूळ. डोंगराच्या पोटात तिसरा रूळ शिरणार नव्हता. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गाची गरज निर्माण झाली तेव्हा नवे रूळ बोगद्याबाहेरून, मुंब्य्राच्या बाजूने टाकावे लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते सुरू झाल्यावर जलद लोकल तिकडून जाऊ लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे राहिला. हे उदाहरण बैठकीत सांगताना मला फार स्पष्टीकरण द्यावे लागले नाही.

मुंबईची भुयारी मेट्रो ३ हे ताजे उदाहरण. कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग, २७ स्थानके, त्यांतली २६ जमिनीखाली. तो एका दमात सुरू झाला नाही. आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुढे आचार्य अत्रे चौकापर्यंत मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. टप्प्याटप्प्याने मार्ग खुला करायचा तर प्रत्येक तात्पुरत्या टोकाला गाडी परत फिरवण्याची सोय आधीपासून बोगद्यात हवी. ती नसेल तर तयार झालेले बोगदेही पुढचे काम संपेपर्यंत रिकामे पडून राहतात.

बैठक साडेपाचला सुरू झाली. समोरच्या संस्थेचे अधिकारी पडद्यावर होते. त्यांनी आकडे शांतपणे ऐकले, काकांनी काळा केलेला आलेख दोनदा दाखवायला लावला आणि मग नेमका प्रश्न विचारला : सांधा हवा हे मान्य, पण तो याच स्थानकाला का हवा? प्रश्न रास्त होता, आणि त्यावर आमच्याकडे उत्तर होते. डेपोच्या बाजूच्या पुढच्या स्थानकात टीबीएम उतरवण्यासाठी लांब पेटी खणावीच लागणार होती. यंत्र काम करून गेल्यावर ती जागा मोकळीच राहणार होती. अडचण इतकीच की स्थानक संपताच तिथे वळण सुरू होत होते आणि उतारही लागत होता. सांधा सरळ आणि एकसारख्या चढ-उताराच्या पट्ट्यावरच बसवायचा असतो, वळणात किंवा उतार बदलतो तिथे तो बसवत नाहीत. त्या मुलीने दुपारीच वळणाची सुरुवात पुढे ढकलून आणि उतार थोडा उशिरा सुरू करून पाहिले होते. वळणाची त्रिज्या थोडी कमी झाली तरी नियमात बसत होती. अशा मांडणीत सहा किलोमीटरची वाटणी ३.६ आणि २.४ अशी होते आणि एकेरी मार्गाचे चक्र जास्तीत जास्त चौदा मिनिटांचे. बारा नव्हे, पण बावीसही नव्हे. वेगळी खणाई जवळजवळ नाही. तासाभराच्या चर्चेनंतर त्यांनी हा पर्याय मान्य केला आणि मुलीने तो स्वतः समजावून सांगावा असे आमच्या सरांनी सुचवले. तिने तो उत्तम समजावला.

दुसरी मागणी मात्र मान्य झाली नाही, आणि मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. त्याच पेटीच्या भिंतीत पुढे फोडता येईल असा एक भाग सोडून ठेवावा, म्हणजे शहर त्या दिशेला वाढल्यावर नवा फाटा तिथून काढता येईल, असे आम्ही सुचवले होते. त्याचा खर्च आज किरकोळ आहे. लंडनमध्ये केनिंग्टनला १९२६ साली गाड्या फिरवण्यासाठी बोगद्याचे एक वेटोळे केले होते. २०२१ मध्ये बॅटरसीचा फाटा त्याच वेटोळ्यातून काढला, पण चालू बोगद्याभोवती मोठे कडे बांधून जुना बोगदा आतून सोडवण्याचे अत्यंत किचकट काम करावे लागले. "ज्या मार्गाला मंजुरीच नाही त्यासाठी आज खर्च कसा दाखवायचा?" असे आम्हाला विचारण्यात आले. लेखापरीक्षणाच्या बाजूने त्यांचे म्हणणे समजते, पण पटत नाही.

या सगळ्याचा ठाण्याशी थेट संबंध आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ठाण्याची वर्तुळाकार मेट्रो २९ किलोमीटरची आहे, २२ स्थानके, त्यांतली दोनच भुयारी. वर्तुळाला टोक नसते, त्यामुळे झालेला उशीर भरून काढायला गाडीला कुठे थांबताच येत नाही. लंडनची सर्कल लाइन १८८४ मध्ये पूर्ण झाली आणि याच त्रासापायी डिसेंबर २००९ मध्ये तिचे बंद वर्तुळ मोडून हॅमरस्मिथला एक टोक देण्यात आले. ठाण्याचा उन्नत भाग आहे तिथे पुढे काही फेरफार करता येतील, जरी ते सोपे नसले. रेल्वे स्थानकाजवळच्या तीनेक किलोमीटर भुयारी भागात मात्र गाडी कुठे फिरेल आणि कुठे थांबून राहील हे खणण्याआधीच ठरायला हवे. ठाणेकरांनी स्थानकांची नावे आणि तिकिटाचा दर यांच्या बरोबरीने हाही प्रश्न विचारावा असे मला मनापासून वाटते.

त्या दुसऱ्या शहराच्या पेटीचे काम अजून खोदाईच्या पातळीवर आहे. भिंतीचे काँक्रीट ओतले जाईपर्यंत फाट्याचा निर्णय बदलता येतो, म्हणून पुढच्या आढावा बैठकीच्या विषयपत्रिकेत तो मुद्दा मी पुन्हा घातला आहे आणि सोबत त्या भागाचा नवा आराखडा जोडला आहे.