एकाच गिअरवर फोंडा घाट

सोमवार, पहाटे चार

झोप लागत नाही. अंग इतकं दमलंय की कूस बदलली तरी पोटरीत गोळा येतो. डोळे मिटले की रस्ता समोरून येतच राहतो. शेवटी उठून बसलो. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून बधिर आहे, हँडलवर चार दिवस तळहात दाबून राहिल्यामुळं. पेन नीट धरवत नाही, अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे. कालचा दिवस आजच लिहिला नाही तर आठवड्याभरात त्याला गोडवा चढेल, आणि तो दिवस गोड नव्हता.

काल सहलीचा चौथा दिवस. कोल्हापूरहून आंबा घाटानं रत्नागिरी, तिथून सागरी मार्गानं देवगड, मग मालवण करून कणकवली आणि शेवटी फोंडा घाट चढून घरी. चौदा सायकली आणि सामानाची एक गाडी. आधीच्या तीन दिवसांबद्दल पुन्हा कधीतरी. एवढंच नोंदवतो की सागरी मार्ग नकाशात किनाऱ्यालगतची सरळ रेघ दिसतो, पण तो तसा नाही. प्रत्येक खाडीला खाली उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पलीकडचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, पुन्हा चढायचा. दिवसभर हेच. पायांत जे काही होतं ते तिथंच खर्ची पडलं. शनिवारी रात्री कणकवलीत लॉजचा जिना कठड्याला धरून चढलो, तेव्हाच उद्याचं चित्र दिसायला हवं होतं.

कणकवली ते कोल्हापूर साधारण एकशेदहा किलोमीटर. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. पहिल्या दिवशी आंबा घाटात वारा खात उतरताना जेवढी उंची हातची सोडली, तेवढी सगळी काल पायांनी परत मिळवायची होती.

अंधारातच निघालो. फोंड्यात पोचेपर्यंत उजाडलं होतं. बाकीच्यांनी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ मन लावून खाल्ली. मला आदल्या दिवसाच्या उन्हानं मळमळत होतं, घास फिरत होता. अर्धा घावणा आणि चहा घेऊन उठलो. दिवसाची पहिली चूक ती. दुसरी चूक अशी की मिठाची पूड पिशवीत असून रात्रभर नुसतं पाणी पीत राहिलो.

घाट सुरू झाला आणि दुसऱ्याच वळणाला उजव्या मुठीखाली टक्कन आवाज झाला. पॅडल एकदम दगडासारखं जड झालं. मागच्या गिअरची केबल शिफ्टरच्या, म्हणजे मुठीजवळच्या गिअर बदलायच्या खटक्याच्या, तोंडाशी कुरतडत आली होती, ती तुटली. ज्यांना सायकलीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागचा डेरेलर म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग. त्यात स्प्रिंग असते, ती साखळीला सतत लहान चक्राकडं ओढत असते. केबल तिला उलट ओढून धरते, म्हणून चढाला आपण मोठ्या चक्रावर राहतो. केबल गेली की स्प्रिंग साखळीला थेट सगळ्यात लहान चक्रावर नेऊन बसवते. सपाटीवर पळायचा गिअर आणि समोर अख्खा फोंडा घाट. जादा केबल एकच आणली होती, ती दुसऱ्या दिवशी एका जोडीदाराच्या सायकलीला गेली. सामानाची गाडी पुढं दाजीपूरला पोचलेली. फोनला रेंज नाही.

मागून मामा आले. मामा आमच्यातले सगळ्यात मोठे, त्रेसष्ट वर्षांचे. एकतीस वर्षं एस.टी. चालवली, त्यातली बरीच कोल्हापूर-मालवण मार्गावर, म्हणजे याच घाटात. चारही दिवस शेवटी राहायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. सगळ्यात मागच्या माणसाच्या मागं राहायचं, त्याला कधी ओलांडायचं नाही. हे वाचायला सोपं वाटतं. आपल्या चालीपेक्षा हळू चालवत घाट चढणं हे वेगळंच कष्टाचं काम आहे, पाय लयीत येतच नाहीत.

त्यांनी काही विचारलं नाही. सायकल उलटी केली, बघितलं आणि म्हणाले, “तू डेरेलर हातानं आत ढकलून धर. मी केबल ओढतो.” खाली उरलेली केबल त्यांनी फ्रेमवरून ओढून घेतली, बाटलीच्या स्टँडच्या बोल्टाला दोन वेढे दिले आणि बोल्ट आवळला. मोठ्या चक्रापर्यंत न्यायला बघितलं तर केबल सटकून परत खाली. तिसऱ्या खेपेला मधल्या चक्रावर टिकली. मी शिरोलीला फाउंड्रीत काम करतो. मोल्डिंगची लाइन बंद पडली की तात्पुरतं काहीतरी बांधून पाळी पूर्ण करायची, हे आम्हाला रोजचं. पण हात ग्रीसनं काळे झालेले, उशीर झालेला, पुढचे बारा जण दिसेनासे झालेले, अशा वेळी इतक्या शांतपणे बोल्ट आवळणारा माणूस मी फार कमी बघितलाय.

“आता हाय त्यावरच,” मामा म्हणाले. “चल.”

एकाच गिअरवर घाट चढायचा म्हणजे बसून चालवताच येत नाही. उभं राहून एकेक पाय अंगाच्या वजनानं खाली दाबायचा. शंभरेक वेळा दाबला की मांडी जळायला लागते, मग उतरून ढकलायचं, श्वास खाली आला की पुन्हा बसायचं. फेब्रुवारीतच हवा अशी दमट की घाम वाळत नव्हता, नुसता ओघळत होता. भट्टीसमोर उभं राहायची मला सवय आहे, पण तिथली झळ कोरडी असते. ही अंगाला चिकटून राहते. रस्त्यावर काटेसावरीची लालभडक फुलं पडली होती. एरवी थांबून फोटो काढला असता. काल फक्त चाक त्यांच्यावरून घसरू नये एवढंच बघितलं.

आता जे मला खरंच लिहून ठेवायचंय ते.

पहिल्या तीन दिवसांत प्रत्येक चढावर कोणी ना कोणी ओरडायचं, “आता थोडंच राहिलंय, आलंच!” प्रेमानंच ओरडायचे. पण मी ते ऐकून अंगातलं उरलंसुरलं काढायचो, वळण संपायचं आणि पुढं आणखी तेवढाच चढ दिसायचा. प्रत्येक वेळी पायांपेक्षा मनच आधी बसायचं. मामांनी असं एकदाही केलं नाही. वळणापाशी आलो की मागून त्यांचा आवाज यायचा, ओरडून नाही, शेजारच्या सीटवरच्या माणसाशी बोलावं तसा. “हे वळण गेल्यावर जरा सोपं हाय. मग दोन चढ लई वाईट.” “हितं रेडिएटरला पाणी घालायचो.” “ह्या वळणाला समोरनं ट्रक आला की गाडी मागं घ्यायला लागायची, पावसाळ्यात जीव मुठीत.” मी एकदा विचारलं, “मामा, अर्धं तरी झालं का?” ते म्हणाले, “न्हाई. अर्ध्याच्या वर अजून हाय.”

मी सायकलवरून उतरलो आणि रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसलो. वाईट वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. किती आहे ते कळलं होतं, म्हणून तेवढ्याचा हिशोब करता आला. बाटलीत पाणी किती, थांबे किती घ्यायचे, ढकलायचं कुठं. मामा दोन पावलं लांब उभे राहून दरीकडं बघत होते. त्यांनी उठायला सांगितलं नाही.

तिथं बसल्यावर वडील आठवले. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी रोज त्यांचा हात धरून म्हणायचो, “अण्णा, आता थोडेच दिवस, मग घरी जायचं.” ते काही बोलायचे नाहीत, मान हलवायचे. ती मान त्यांनी माझ्यासाठी हलवली होती हे काल कठड्यावर बसल्यावर समजलं. यापुढं काय लिहावं मला सुचत नाही.

माथ्यावर पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. तिथं सगळं आतून संपल्यासारखं झालं. सायकलवाले याला बाँक म्हणतात. यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर संपते, खाल्लेलं नसलं तर फार लवकर संपते. हात थरथरतात, थंडी वाजल्यासारखं होतं आणि विनाकारण रडू येतं. मला आलं. मामांनी पिशवीतनं गूळ-शेंगदाणे काढले, मिठाची पूड लिटरभर पाण्यात कालवली आणि घोट घोट पाजली. वीसेक मिनिटांनी जग जागेवर आलं.

दाजीपूरला बाकीचे थांबले होते. कुणी चकार शब्द काढला नाही. गाडीत सायकल टाकायची का, असं एकानं विचारलं, मी नको म्हटलं, विषय संपला. गाडीतल्या सामानात केबल नव्हतीच. दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य १९५८ सालचं, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. झाडीतून जाताना सावली एवढी गार की त्यातून बाहेर पडूच नये असं वाटत होतं. गवा दिसला नाही. शेकरू दिसलं, जांभळीच्या फांदीवरून पलीकडं झेपावलं. तेवढं एक दिवसभरात डोळे भरून बघितलं.

पुढं राधानगरीच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण, गावाला नाव त्यांच्या लेकीचं, राधाबाईंचं. पावसाळ्यात याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की कोल्हापुरात पंचगंगेकाठची माणसं सामान वर उचलायला लागतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तर सगळ्यांच्या तोंडी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी असते. काल धरण अगदी निवांत होतं. फेजिवड्याजवळ भिंत दिसली आणि मला बरं वाटलं, कारण इथून सुटणारं भोगावतीचं पाणी आणि मी आता एकाच वाटेनं घरी जाणार होतो.

राधानगरीत दोन वाजता आईला फोन लागला.

“किती राहिलंय?”

“थोडंच,” माझ्या तोंडून निघून गेलं. शेजारी मामा बाटली भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी म्हटलं, “आई, न्हाई. पन्नास किलोमीटर तरी हाय. रात्र होईल.”

“बरं,” ती म्हणाली. “मग दिवा लावून ये.”

त्या पन्नास किलोमीटरचं फार काही लिहिण्यासारखं नाही. उन्हाचा तडाखा, बसायची जागा सोलून निघालेली, आणि उसाचे ट्रॅक्टर. कौलवपासून पुढं भोगावती कारखान्यापर्यंत रांगच. दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, स्पीकरवर गाणी. मागचं वाहन दिसत नाही त्या ड्रायव्हरला, त्याचाही दोष नाही. पण ट्रॉली शेजारून गेली की हवेनं सायकल हलते आणि पडलेल्या कांड्यांवर चाक सरकतं. साडेचारच्या सुमारास दोन्ही पोटऱ्या एकदम आवळल्या. रस्त्याकडेच्या गवतावर आडवा झालो. आमच्यातल्या कॉलेजच्या पोरीनं माझी टाच धरून पंजा वर दाबला. गोळा सुटेपर्यंत ती मोठ्यानं आकडे मोजत होती. हळदी, कांडगाव, वाशी. एकेक गाव गेलं. अंधार पडला, दिवे लावले.

पुईखडीचा चढ कोल्हापूरकरांना काहीच वाटत नाही, गाडीवरून जाताना तर कळतही नाही. मी तो पूर्ण ढकलत चढलो. वर सगळे बारा जण दिवे चालू ठेवून रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे होते. टाळ्या नाहीत, आरोळ्या नाहीत. सायकलीवर बसले आणि माझ्या वेगानं चालायला लागले. समोर शहराचे दिवे पसरले होते. रंकाळ्यापर्यंत असेच गेलो, तेरा पुढं-मागं, मध्ये मी.

गंगावेशीत कट्ट्यावर दूध घेतलं. गरम ग्लास माझ्या बोटांत ठरेना. मामांनी रुमाल गुंडाळून तो माझ्या दोन्ही तळहातांत धरून दिला आणि आपलं दूध प्यायला लागले. निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर पाठीतून कळ आली. त्यांनी अर्ध्यावरच धरलं. “केबल उद्याच बदल,” म्हणाले. बाकी काही नाही.

घरी पोचलो तर आई दारातच. पायरीवर बसून बूट काढायला लागलो, पण बोटांना नाडी सापडेना. ती खाली बसली आणि गाठ सोडवायला लागली. शाळेत जाणारा मी आणि अशीच खाली बसलेली ती, त्याला चाळीस वर्षं झाली असतील.

“किती रं घट्ट बांधलीयास,” ती म्हणाली. मग दुसरा बूट हातात घेऊन, वर न बघता, “लई लांब होतं?”

“हो आई,” मी म्हटलं. “लई लांब होतं.”