मोबाईल काढून घेऊ का? तुम्ही विचारलंत म्हणून

पालकसभा संपते, प्रगतिपुस्तकांवर सह्या होतात आणि दोन-चार आया दाराशी रेंगाळतात. वडील असले तर जरा लांब, जिन्यापाशी उभे. मग कोणीतरी विचारतंच, "मॅडम, दिवसरात्र नुसता मोबाईल. काढूनच घेऊ का?" मी नाशिकच्या शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. सिडकोतलं घर असो की गंगापूर रोडवरचं, प्रश्न हाच असतो, आणि जिन्यात उभ्याउभ्या त्याचं पुरतं उत्तर देता येत नाही. म्हणून आज सवडीने लिहिते आहे.

मूल १३ वर्षांच्या आतलं असेल तर फार विचार करायला नको. इन्स्टाग्राम, स्नॅपचॅटवर त्याचं खातं असूच नये. त्या कंपन्यांचाच तसा नियम आहे. तरी पाचवी-सहावीतली मुलं जन्मसाल खोटं घालून खातं उघडतात. कधी मोठा दादाच उघडून देतो. या खोट्या सालाचा एक तोटा पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. २०२५ पासून आपल्याकडे १८च्या आतल्या मुलांना इन्स्टाग्रामवर 'टीन अकाउंट' मिळतं. ते आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणसाचे मेसेज त्यात अडवले जातात, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद असतात, आणि १६च्या आतल्या मुलाला यातलं काही सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. पण जन्मसाल २००४ टाकलं असेल, तर इन्स्टाग्रामच्या लेखी तो विशीतला माणूस. त्याला यातलं काहीच लागू होत नाही. नववीतल्या मुलाचं खातं आधीपासून असेल तर आज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा आणि तारीख खरी करून घ्या. पासवर्ड मागू नका, एवढं एकच काम करा.

आता १३ ते १८. इथे माझं उत्तर आहे, काढून घेऊ नका. कारण सांगते.

नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे. दुसऱ्या शाळेतली मुलगी असल्याचं भासवून कोणीतरी तिच्याशी मैत्री केली होती. रोजच्या गप्पा, मग व्हिडिओ कॉल, मग त्या कॉलमधून काढलेला आणि काहीतरी जोडून बिघडवलेला एक फोटो. पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवतो. तिने वाढदिवसाचे साठवलेले पैसे दिले, मैत्रिणीकडून उसने घेऊन दिले, मग मागण्या वाढत गेल्या. जेवण सुटलं, चाचणी परीक्षेला ती बसली नाही. घरी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई मारणार नाही मॅडम. पण फोन जाईल, आणि पप्पा क्लासला पाठवणं बंद करतील."

तिचे आईवडील चांगले आहेत, हे मला आवर्जून सांगायचं आहे. मुलीवर त्यांचा जीव आहे. पण "पुन्हा दिसला हातात तर फोडून टाकीन" हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं, की संकट आल्यावर तिला संकटापेक्षा घरचीच भीती जास्त वाटली. असल्या माणसांचा धंदा या भीतीवरच चालतो. मूल घरी सांगणार नाही, याची त्यांना खात्री असते.

म्हणून फोन काढून घेण्याआधी स्वतःला एक विचारा. माझ्या मुलाच्या फोनवर काही वाईट घडलं, तर ते मला सांगेल का? 'नाही' किंवा 'माहीत नाही' असं उत्तर येत असेल, तर आपलं काम तिथे सुरू होतं. मुलाला स्पष्ट शब्दांत वचन द्या, आणि तेही काही घडायच्या आधी: "फोनवर काहीही झालं, त्यात तुझी चूक असली, तरी मला सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही आणि तुझं बाहेर जाणं बंद होणार नाही." एकदा बोलून मुलं विश्वास ठेवत नाहीत. ती आधी लहान गोष्ट सांगून बघतात: ग्रुपमधून काढलं, कोणीतरी फेक आयडीवरून घाण कमेंट केली. त्या लहान गोष्टीवर आपण कसे वागतो, यावर मोठी गोष्ट आपल्यापर्यंत येणार की नाही हे ठरतं. "तरी मी सांगत होते" हे वाक्य तेवढं गिळून टाका. "बरं झालं सांगितलंस" म्हणा, आणि मग वाटल्यास स्वयंपाकघरात जाऊन रडा.

त्या मुलीसारखा प्रसंग आलाच तर काय करायचं, हेही आत्ताच माहीत असू द्या, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. पैसे देऊ नका. दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, समोरच्याचं युजरनेम आणि पैसे ज्या नंबरवर गेले तो नंबर लिहून ठेवा, मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार वेगळ्या भागात करता येते. 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा आहे, १८च्या आतल्या मुलांच्या अश्लील फोटोंसाठीच केलेली. तिथे फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात. इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट त्यात आहेत. आणि मुलाला हे नक्की सांगा: लहान मुलांचं असं शोषण हा २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गुन्हेगार समोरचा आहे, तू नाहीस.

मग घरात नियमच नको का? एक हवा, आणि तो कडक हवा. रात्रीचा. किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा स्रवतं, म्हणून दहावीतल्या मुलाला दहाला झोप येत नाही. तो आळस किंवा माज नव्हे. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि पहाटेचा क्लास तर चुकत नाही. उरलेल्या तासांत उशाशी फोन असला की ते तासही गेले. स्नॅपचॅटची स्ट्रीक, म्हणजे रोज न चुकता एकमेकांना फोटो-मेसेज (स्नॅप) पाठवण्याची साखळी, टिकवायला दोघांनी चोवीस तासांच्या आत एकमेकांना स्नॅप पाठवावा लागतो. ती तुटू नये म्हणून रात्री दीड वाजता जागी राहणारी मुलं मी पाहते. चिडचिड, रडू येणं, अभ्यासात लक्ष नसणं, यातलं बरंच काही झोप पुरी झाली की हलकं होतं. म्हणून मी सगळ्यात आधी झोपेचं विचारते.

"फोन बेडरूमबाहेर ठेवा" असा सल्ला सगळीकडे मिळतो. पण सिडकोच्या दोन खोल्यांत बाहेर म्हणजे कुठे? आजी हॉलमध्ये, मुलं हॉलमध्ये. अशा घरांना मी फ्रीजचा वरचा भाग किंवा ओट्याशेजारची फळी सुचवते. साडेदहाला सगळ्यांचे फोन तिथे चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे पप्पांचाही. अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी असेल, कंपनीचा फोन येणार असेल, तर तेवढी सूट घरात उघड सांगून घ्यावी. अलार्मची सबब पुढे येतेच. तिच्यासाठी मेनरोडवर गजराचं घड्याळ मिळतं.

दिवसभराचे तास मोजत बसण्यावर माझा फारसा भर नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी, २०२३ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटलंय की दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट दिसतो. आकडा गंभीर आहे. पण मित्रमैत्रिणींचा आधार मिळतो, हेही त्याच इशाऱ्यात आहे. ढोलपथकाच्या सरावाचे व्हिडिओ एडिट करण्यात दोन तास घालवणारा मुलगा आणि इतरांचे चेहरे बघत स्वतःचं नाक, रंग, वजन तपासत दोन तास पडून राहिलेली मुलगी, यांचे दोन तास सारखे नसतात. फोन ठेवल्यावर मूल कसं दिसतं ते बघा.

एक गोष्ट मला फार लागते, ती बोलते. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी फॅमिली ग्रुपवर मार्कशीटचे फोटो पडतात. मामेभाऊ ९४, चुलतबहीण ९१, खाली हार आणि पेढे. त्याच ग्रुपवर ६८ टक्क्यांचं एक मूल गप्प बसलेलं असतं आणि त्याची आई "अभिनंदन" टाइप करत असते. इन्स्टाग्राम मुलांना तुलना शिकवतं असं आपण म्हणतो, पण मुलांनी ती आपल्या व्हॉट्सॲपवर आधी पाहिलेली असते. मुलाचा निकाल, आजारपण, रुसलेला चेहरा, काहीही स्टेटसला ठेवण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर ठेवू नका.

निफाड-दिंडोरीकडचे बरेच पालक अकरावीला मुलाला इथे होस्टेलवर ठेवतात. ते विचारतात, आम्ही लांबून काय करणार? रात्री फोन करता तेव्हा "जेवलास का" आणि "अभ्यास झाला का" यांच्यापुढे आणखी एक विचारा: "आज कोणाशी बोललास?" छाटणीचं, द्राक्षांच्या भावाचं, तुमच्या स्वतःच्या काळजीचंही थोडं सांगा. घरचं ऐकलं की मुलं आपलं सांगतात. शहरात असाल तर समोर बसवून चौकशी करण्यापेक्षा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या मारा. नजरेला नजर नसली की पोरं पुष्कळ बोलतात.

कधी मात्र विषय मोबाईलचा नसतोच. दोन आठवड्यांच्या वर मूल उदास आहे, मित्र तोडलेत, आवडीची गोष्ट सोडली, "मी नसतो तर बरं" असं काही बोललं, हातावर जखमा दिसल्या, तर थांबू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मुलाला हायसं वाटतं, हे मी समोर बसून पाहिलं आहे. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. लगेच धोका वाटत असेल तर फोनवर थांबू नका, जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे मुलाला घेऊन जा. लोक काय म्हणतील, याचा विचार नंतर करता येतो.

आणि फोन आधीच काढून घेतला असेल, कपाटात कुलूपबंद असेल, तर? परत द्या. देताना भाषण नको. रात्रीचा नियम सांगा, तो मलाही लागू आहे असं सांगा, आणि वर लिहिलेलं वचन द्या. पहिले काही दिवस मूल तुमच्याकडे संशयाने बघेल. बघू द्या.