पन्नास टक्के आजारी

गेलं वर्षभर मी पन्नास टक्के आजारी आहे. स्वीडनमध्ये हे कुणालाही सांगितलं तर समोरचा फक्त विचारतो, "मग काम सकाळी की दुपारी?" लालबागला मावशीकडे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "नोकरी गेली का गं?" आणि त्यामागून, जरा आवाज खाली करून, "म्हणजे पगार निम्मा?"

दोन्ही नाही. मला आमवात आहे. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की दुधाच्या पिशवीचा कोपरा कापायला कात्री धरवत नाही. अकरानंतर हात मोकळे होतात. गोथेनबर्गमधल्या डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर हेच लिहिलं: कशाने त्रास होतो, कामातलं काय जमत नाही, दिवसातून किती तास झेपेल. तिथे आजार चार मापांत मोजतात, 25, 50, 75 आणि 100 टक्के. मी मधल्या मापात बसले. दुपारी चार तास काम, त्याचा पगार कंपनी देते. उरलेल्या अर्ध्याचे ऐंशी टक्क्यांना किंचित कमी असे पैसे फोर्शेक्रिंग्सकासान, म्हणजे तिथली सरकारी विमा कचेरी देते. त्याला वरची मर्यादा असते आणि त्यावर करही कापला जातो, पण ढोबळ हिशेबाने मूळ पगाराच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास रक्कम पडते. मावशीने हा हिशेब दोनदा करायला लावला.

सुरुवातीचे 14 दिवस मालकाच्या माथी. त्यातही पहिल्या आठवड्यात एक ठरावीक रक्कम कापतात, उगाच कुणी झोपून राहू नये म्हणून. आठव्या दिवसापासून डॉक्टरचा कागद लागतो, पंधराव्यापासून कचेरीकडे अर्ज. आणि हे कायम असं चालत नाही बरं का. पहिले 90 दिवस तुम्हाला तुमचं नेहमीचं काम जमतं का एवढंच बघतात. त्यानंतर त्याच कंपनीत दुसरं काही जमेल का, आणि 180 दिवसांनंतर, काही अपवाद सोडले तर, बाजारात मिळणारं कुठलंही साधारण काम जमेल का. या शेवटच्या पायरीवर माणसं हबकतात. ज्याला आपलं काम येत नाही त्याला जगातलं कुठलं तरी काम येईलच, हे कागदावर म्हणायला सोपं आहे.

शेजारच्या काकूंचा मुद्दा वेगळा होता: आजारी आहे तर विमानाने आली कशी? तर स्वीडन काही डोळे झाकून पैसे वाटत नाही. युरोपाबाहेर जायचं आणि पैसेही चालू ठेवायचे तर आधी कचेरीची परवानगी काढावी लागते, आणि प्रवासाने आजार बळावणार नाही हे पटवावं लागतं. इथल्या उकाड्याने माझी बोटं खुलतात हे मी अर्जात लिहिलं नव्हतं, पण खरं आहे.

आपल्याकडे काहीच नाही असं म्हणायची परदेशस्थांना खोड असते. ते खरं नाही. 1948 च्या कायद्याने आलेला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा आहे. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते, टीबी-कॅन्सरसारख्या ठरावीक लांबलेल्या आजारांत त्याहून जास्त आणि जास्त काळ. पण अट अशी की ज्या दिवसाचे पैसे घ्याल त्या दिवशी काम करायचं नाही. फिट किंवा अनफिट, मधलं काही नाही. आणि 21,000 च्या वरच्यांना? त्यांच्याकडे मेडिक्लेम असतो, तो हॉस्पिटलचं बिल भरतो. बुडालेला पगार कोण भरणार?

यावर काका, म्हणजे मावशीचे यजमान, आपला उजवा हात पुढे करून हसले. गिरणीत कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात असताना त्यांची तर्जनी मुळापासून गेली. अशा कायमच्या इजेची यादीच कायद्यात आहे, आख्खी तर्जनी म्हणजे कमाईची 14 टक्के क्षमता गेली. त्या हिशेबाने काकांना ईएसआयची पेन्शन लागली, आणि तीन आठवड्यांत ते परत त्याच खात्यात कामाला उभे राहिले. कामावरच्या इजेची ही पेन्शन काम केलं म्हणून थांबत नाही. 1982 च्या संपात पगार बंद पडला तेव्हाही ती येत होती. म्हणजे टक्क्यांत मोजणं आपल्या कायद्याला येतं. मशीनने बोट नेलं तर येतं. आमवाताने नेलं तर येत नाही.

आता अर्ध्या कामाची दुसरी बाजू. तास निम्मे होतात, काम निम्मं होतंच असं नाही. माझ्या कंपनीत पहिले काही महिने टेस्टिंगची यादी तेवढीच होती, मीटिंगाही तेवढ्याच, आणि त्यातल्या निम्म्या सकाळी नऊला. चार तासांत आठ तासांचं उरकायला गेलं की पाचव्या तासाला बोटं सुजलेली. आमच्या युनियनच्या बाईंनी मॅनेजरसमोर बसून एकेक काम खोडलं, तेव्हा ते जमलं. शिवाय ठरल्यापेक्षा जास्त तास काम केलं तर कचेरीला कळवावं लागतं, नाहीतर ती फसवणूक. हौसेने थांबायचीही सोय नाही.

मावसबहिणीची पाठ गेल्या पावसाळ्यापासून धरली आहे. ती परळच्या एका खाजगी ऑफिसात आहे. सरकारी नोकरीत असती आणि अपंगत्व आलं असतं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला काढता आलं नसतं, त्याच पगारावर दुसरं पद द्यावं लागलं असतं. खाजगीत तो आधार नाही. एचआरने सांगितलं, एक तर यायचं, नाहीतर बिनपगारी रजा. मी तिला म्हटलं, तू आजार सांगू नकोस, तास सांग: काय जमतं, किती वेळ जमतं, डॉक्टरच्या सहीने. तिने ऑर्थोपेडिककडून तसं लिहून आणलंय. बघू.

माझे डॉक्टर आता 25 टक्क्यांवर आणू म्हणतात, म्हणजे रोज सहा तास काम. मावशीला वाटतं लगेच हो म्हणावं. पण डॉक्टरांना ते नोव्हेंबरपासून हवंय, तिथल्या थंडीत. मी मे महिना मागितला आहे.