पावडर काळी झाली म्हणजे काम झालं असं नसते: खलबत्ता ते हायड्राईड

राजेहो, दोन महिने काही लिहिलं नाही कारण दाखवण्यासारखं काही नव्हतंच. रसायनं भट्टीत न तापवता नुसती घोटून त्यांच्यात रिअ‍ॅक्शन घडवायची (मेकॅनोकेमिस्ट्री) हा माझा नाद, त्यासाठी घरची छर्र्यांची मिल रोज फिरून राहिली होती आणि पावडर जशीच्या तशी.

मिलचं आधी सांगून टाकतो. भंगारातली वॉशिंग मशीनची मोटर, दोन रबरी रोलर, आतून १० सेंटीमीटरचा स्टीलचा डबा, त्यात १० मिलिमीटरचे बेअरिंगचे छर्रे. छर्रे खाली पडायचं सोडून भिंतीलाच चिकटून फिरायला लागतात तो स्पीड या डब्यासाठी १४१ आरपीएम येतो (डब्याच्या व्यासातून छर्र्याचा व्यास वजा करा, मीटरमध्ये, त्याच्या वर्गमुळाने ४२.३ ला भागा), त्याच्या ७० टक्के म्हणून शंभरच्या आसपास ठेवला. हिशोब बरोबर होता हो, पण छर्रा पडून पडून पडणार किती उंचीवरून? अर्ध्या वितीवरून. दळायला ठीक आहे, रिअ‍ॅक्शन घडवायला डबाच जोरात गरगर फिरवणारी प्लॅनेटरी किंवा हलवणारी शेकर मिल बरी. वरून खालच्या मजल्यावरच्या काकू येऊन विचारून गेल्या, "काय बाप्पा, गिरणी टाकली काय घरात?"

मग चिडून चिनी मातीचा खल काढला. १८२० मध्ये फॅरेडेने सिल्वर क्लोराईड जस्त, कथील, लोखंड, तांबं असल्या धातूंसोबत कोरडंच घोटून चांदी मोकळी केली होती, ना भट्टी ना पाणी. जस्तासोबत फार जोरात होते म्हणून मी तांब्याची पावडर घेतली, सिल्वर क्लोराईड अर्धाच ग्रॅम. दहा मिनिटं काही नाही, मनगट मात्र दुखायला लागलं, मग हळूहळू राखाडी रंग चढला आणि चमच्याची पाठ दाबून घासली तर चकचकीत रेघ उमटली. जे काम वीस तास मिलमध्ये झालं नाही ते हातानं अर्ध्या तासात. उरलेलं क्लोराईड अमोनियानं धुतलं, पाणी तांब्यानं निळंशार. एक सांगतो, चांदी आणि अमोनियाचं ते पाणी बाटलीत भरून ठेवायचं नाही, ठेवलं किंवा सुकलं तर फुटू शकते, लगेच अ‍ॅसिड टाकून मोडायचं.

आता हायड्राईड, म्हणजे धातू आणि हायड्रोजनचं संयुग. कल्पना सोपी आहे, कॅल्शियम हायड्राईडमधला हायड्रोजन दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, ऑक्साईडमधला ऑक्सिजन कॅल्शियमकडे जातो, हायड्रोजन गॅस होऊन सुटतो. याची मजा म्हणजे ऑक्साईडमधल्या धातूच्या अणूंची मूळ जाळी न मोडता मधूनच ऑक्सिजन काढता येतो, भिंत न पाडता विटा काढल्यासारखं. १९९९ मध्ये सोडियम हायड्राईडनं लँथनम निकेलेटचा (लँथनम आणि निकेलच्या ऑक्साईडचा) ऑक्सिजन असाच काढला, २००७ मध्ये कॅल्शियम हायड्राईड वापरून जपानात चपट्या चौकोनात बसलेल्या लोखंडाचा स्ट्रॉन्शियम-लोखंड ऑक्साईड तयार झाला, आणि २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमनं त्याच वाटेनं निकेलेटमध्ये सुपरकंडक्टिव्हिटी (अजिबात विरोध न होता वीज वाहणं) दाखवली. हे सगळं गरम करून केलेलं, आपल्याला तेच घोटून करायचं होतं.

पण आधी कागद-पेन. १ ग्रॅम कॅल्शियम हायड्राईड पूर्ण वापरलं गेलं तर अर्ध्या लिटरच्या वर हायड्रोजन सुटतो. डब्यात ३० मिली मोकळी जागा धरा, वीस पट प्रेशर आलं की नाही? आणि उष्णता वेगळी. कॉपर ऑक्साईड घेतलं तर दर मोलमागे ३०० किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे डब्यात फटाकाच. टायटॅनियम डायऑक्साईडचं जेमतेम एक ऑक्सिजन काढायचं म्हटलं तर शंभरच्या आत. म्हणून टायटॅनियम ठरलं, आणि घरी करायचं नाही हेही ठरलं. एक दोस्त कॉलेजात पीएचडी करून राहिला आहे, त्याच्याकडे ग्लोव्हबॉक्स (बाहेरची हवा आत न येणारी, हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी) आणि प्लॅनेटरी मिल आहे, त्याच्या गाईडची परवानगी घेऊन मे महिन्यात केलं. नागपूरच्या उन्हाळ्याला सगळे शिव्या देतात पण हायड्राईडला हवेतलं पाणी चालत नाही, त्यामुळे ४५ डिग्रीची ही कोरडी हवा मला पहिल्यांदा आवडली. पावसाळ्यात उघड्यावर डबी खोलली असती तर पावडर चुन्याचीच झाली असती.

डबा ग्लोव्हबॉक्समध्ये उघडला तर फुस्स झालं आणि आत पांढऱ्याच्या जागी निळसर काळी पावडर. मी तर नाचलोच. दोस्त शांतपणे म्हणाला, "थांब बे, ब्लँक कुठं आहे?"

ब्लँक म्हणजे नुसतं टायटॅनियम डायऑक्साईड, तोच स्टीलचा डबा, तेवढाच वेळ. केलं, तर तेही काळपट! पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला चुंबक फिरवला तर दोन्हींतून काळी मिशी वर आली. डबा आणि छर्रे झिजून लोखंड मिसळलेलं होतं.

मग हायड्राईडवाल्यातलं उरलेलं हायड्राईड दोस्तानं मिथेनॉल-अमोनियम क्लोराईडनं संपवलं, आणि दोन्ही नमुने पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनं धुतले. धुवणात दोन थेंब पेरॉक्साईड आणि पोटॅशियम थायोसायनेट टाकलं तर रक्तासारखं लाल, लोखंडच. तीनदा धुतल्यावर ब्लँक पांढरा झाला, थोडासा मळका. हायड्राईडवाला निळसर राखाडीच राहिला. त्यातला चिमूटभर क्रूसिबलमध्ये उघड्यावर तापवला, कडेकडून पांढरा होत गेला आणि पाच मिनिटांत मधलाही रंग गेला, म्हणजे काढलेला ऑक्सिजन त्यानं हवेतून परत घेतला.

आता झिरकोनियाचा डबा भाड्यानं मिळतो का ते पाहून राहिलो, आणि एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहायची तपासणी) दोस्ताच्या लाईनमध्ये नंबर लावला आहे, कारण जास्त घोटलं तर अ‍ॅनाटेजचं रुटाईल (टायटॅनियम डायऑक्साईडचीच दोन स्फटिकरूपं) होते, ते त्याशिवाय दिसणार नाही. काकूंना तूर्त सांगितलंय की गिरणी बंद.