दाब, धर, सोड

पिकअपचा रिव्हर्स गिअर टाकताना खर्रकन आवाज यायला लागला, तेव्हाच दादा म्हणाला, "क्लचनं एअर धरलीय." पॅडल उशीवर पाय ठेवल्यासारखं मऊ झालं होतं. दोन-तीनदा भराभर मारलं की मात्र गिअर मुकाट पडायचा. हे तर क्लचच्या ऑइलच्या नळीत हवा शिरल्याचं पक्कं लक्षण.

गाडीखाली शिरायचा मान दादाचा. माझ्या वाट्याला सीट आणि तीन शब्द: दाब, धर, सोड.

'दाब' म्हटलं की चार-पाच वेळा सावकाश पंप मारायचा. 'धर' म्हटलं की पाय दाबून गप्प बसायचं. मग तो खाली निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, अर्धा आटा ढिला करतो, पारदर्शक नळीतून ऑइल फसफसत बाटलीत पडतं आणि माझ्या पायाखालचं पॅडल हळूच जमिनीला टेकतं. निपल पुन्हा आवळला की 'सोड'. त्याआधी सोडलं, तर पॅडल वर येताना बाहेरची हवा आत ओढून घेतं. मी नेमकं तेच केलं. पायाला मुंग्या आल्या होत्या, हे कारण गाडीखाली ऐकू गेलं नाही. तिकडून जे ऐकू आलं ते इथे लिहीत नाही.

एवढ्याशा हवेनं इतकं का बिघडावं? ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर नळीतून पलीकडे पोहोचतो. हवेचं तसं नाही. बॉइलनं १६६२ मध्येच सांगून ठेवलंय, दाब दुप्पट केला की हवा निम्म्या जागेत मावते. आपण जोर लावायचा आणि तिनं नुसतं अंग चोरायचं. वर पॅडल वीतभर खाली जातं, पण क्लच सोडवणाऱ्या खालच्या सिलिंडरचा दांडा सरकतो बोटाच्या जाडीएवढा. त्यातलं थोडं जरी बुडबुड्यानं खाल्लं, तर क्लच प्लेट इंजिनपासून पुरती सुटत नाही, गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरत राहतो. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रोमेश, म्हणजे दात अडकण्याआधी दोघांचा वेग जुळवणारी सोय, नसतो, म्हणून पहिली बोंब तोच मारतो.

इंग्रजीत या कामाला रक्त काढण्याचा शब्द आहे, ब्लीडिंग. आपले मेकॅनिक सरळ 'एअर काढणे' म्हणतात आणि मला तेच बरोबर वाटतं. ऑइल जातं ते नाइलाजानं, खरी हकालपट्टी हवेची. आणि ती चिवट. तिला वर चढायचं असतं आणि आपण तिला नळीतून खाली ढकलत असतो. पॅडलजवळच्या वरच्या सिलिंडरच्या कोपऱ्यात एखादा बुडबुडा दडला, तर दिवसभर पंप मारला तरी हलत नाही. अशा वेळी मोठ्या सिरिंजनं खालच्या निपलमधून वर ऑइल ढकलायचं. हवेला जिकडे जायचं तिकडे जाऊ द्यायचं, बस. दादाला हा उपाय माहीत होता, पण सिरिंज आणायला उठायचं कोणी?

मध्ये वरची ऑइलची डबी बघायचं काम माझंच. ती आटली की नवी हवा आत आणि सगळं पहिल्यापासून. डबीत घालायचं ते ब्रेकचंच ऑइल, नावाला ऑइल. साधं इंजिन ऑइल घातलं तर आतले रबर फुगतात. आणि ब्रेकचं ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचलून नेतं. बॉनेटच्या कडेवरचा तो टिकलीएवढा डाग माझाच, दादानं अजून पाहिलेला नाही.

विसाव्या की पंचविसाव्या 'धर'ला पॅडल वेगळं लागलं. उशी गेली, खाली कुणीतरी पाय रोवून उभं असल्यासारखं वाटलं. नळीत बुडबुडा नव्हता. पॅडल शेवटचं तळाला टेकलं, निपल आवळल्याची करकर ऐकू आली, बाटली बाजूला सरकली. दादा बाहेर आला, कपडे झटकले आणि हात धुवायला निघून गेला.

मी तसाच बसलो होतो, पाय दाबून. 'सोड' कोणी म्हटलंच नव्हतं.