लेझरआधी विचारायचा प्रश्न

बाईंना त्यांची सून घेऊन आली होती. वय पंचावन्नच्या पुढे, तासगावकडच्या द्राक्षबागायतदार घरातल्या. बागेत एप्रिलची खरड छाटणी चालू, त्यामुळे चेहरा उन्हानं रापलेला, आणि हनुवटीवरचा पदर काही केल्या हलत नव्हता. सुनेनंच विचारलं, "मॅडम, धाकट्या दिरांचं लग्न तोंडावर आलंय. तोवर आत्यांचे हे केस लेझरनं कायमचे जातील का?"

नाही म्हणावं लागलं. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगात शोषला जातो, त्याची उष्णता मुळापर्यंत जाते आणि मूळ निकामी होतं. आजूबाजूची त्वचा न भाजता नेमक्या रंगालाच तापवायचं हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं. पण वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसावरच त्याचा नीट परिणाम होतो आणि सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. म्हणून चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं सहा-आठ सिटिंग्ज लागतात. तरीही केस कमी होतात, बारीक होतात. शंभर टक्के जाण्याची हमी कुणीही देऊ नये. शिवाय आपल्या सावळ्या त्वचेतही तोच रंग असतो. रापलेल्या चेहऱ्यावर घाई केली तर फोड येतात, काळे डाग राहतात.

सून हिरमुसली. तेवढ्यात बाई पहिल्यांदाच बोलल्या, "दिवाळीच्या आधी असलं काही नव्हतं बघा."

मी लिहिता लिहिता थांबले. आवाज चांगलाच घोगरा होता. विचारलं तर म्हणाल्या, घसा बसलाय, काढे चालू आहेत. पदर बाजूला करायला लावला. हनुवटीवर, गालांच्या कडेला, गळ्यावर दाट राठ केस, आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंचे मात्र विरळ झालेले. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या वयात हनुवटीवर चार केस येणं अगदी नेहमीचं, म्हणूनच घरात कुणाला काही वाटलं नव्हतं. तरुण मुलींमध्ये बहुतेकदा पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड असतो, पण तो वर्षानुवर्षं हळूहळू चालतो. काही महिन्यांत एवढे केस आणि सोबत बदललेला आवाज, हे वेगळं होतं.

त्या दिवशी मशीनला हात न लावता टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी संप्रेरकाची रक्ततपासणी लिहून दिली. सुनेला ते पटलं नाही. "केसांसाठी रक्त कशाला?" तिचा प्रश्न रास्त होता, पार्लरमध्ये तर पहिल्याच भेटीत पॅकेजचे पैसे सांगितले होते. मी आकडा येईपर्यंत थांबायची विनंती केली. रिपोर्ट डेसीलिटरमागे २०० नॅनोग्रॅमच्या बराच वर आला, बाईच्या मानानं खूपच जास्त. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात छोटी गाठ दिसली. मिरजेत शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची नव्हती. ती पुरुषी संप्रेरक तयार करत होती.

काही आठवड्यांत संप्रेरक खाली आलं. नवे केस यायचे थांबले, पण एकदा राठ झालेला केस आपोआप पुन्हा लव होत नाही. आता लेझरचं खरं काम होतं. रापलेपणा उतरल्यावर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग नावाचं लेझर वापरलं, कारण ती तरंगलांबी खोल जाते आणि वरच्या त्वचेतला रंग ती कमी शोषतो. थ्रेडिंग बंद करायला सांगितलं, कारण मूळच उपटलं तर प्रकाशाला तापवायला काही उरत नाही. आदल्या दिवशी दाढीसारखं ब्लेडनं साफ करून यायचं. बाईंना ब्लेडची लाज वाटायची, तेव्हा ते आमच्या सिस्टरच करून द्यायच्या. डोळ्यांवर पट्टी, गार जेल, मग रबर तडकन लागावा तशी कळ आणि केस जळल्याचा वास. नंतर प्रत्येक मुळाभोवती बारीक लाल सूज दिसते, ती एक-दोन दिवसांत बसते. दहा-पंधरा दिवसांत ते केस गळून पडतात. गळणाऱ्या केसांना वाढ समजून माणसं घाबरतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. आणि बागेत जाताना सनस्क्रीन आणि ओढणी, दोन्ही.

तिसऱ्या वेळेनंतर त्या पदर न घेता आल्या. आवाज थोडा घोगराच राहिलाय, तो पूर्ण परतेल असं मी त्यांना कधीच म्हटलं नाही. हनुवटीवर उरलेत ते बहुतेक पांढरे केस. त्यांत रंग नाही, त्यामुळे लेझर त्यांचं काही करू शकत नाही. ते सुईनं, इलेक्ट्रोलिसिसनं एकेक करून काढावे लागतील.