आधी ड्रॉप्स, मग बाकी सगळं

डोळ्यांच्या चार्टवर ६/६ म्हणजे नजर ठीक, हिमोग्लोबिन व्यवस्थित, कानात काही नाही. तरी माझी चौथीतली लेक अभ्यासाला बसली की थोड्याच वेळात “आई, गरगरतंय” म्हणत एका डोळ्यावर हात ठेवायची. ओळी एकमेकींवर चढतात म्हणायची. नातेवाइकांचं निदान ठरलेलं: अभ्यासाचा कंटाळा.

बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसावाले, दोघांकडे पटापट काम झालं. दोन्ही डोळे जवळचं बघताना जोडीने आत वळतात का, ते तपासून घ्या, असं त्यांनीच सुचवलं. इथवर तक्रार नाही.

मग नाशिकमधलंच एक डोळ्यांचं हॉस्पिटल. नाव घेत नाही. नाशिकरोडहून निघून द्वारका चौकात अडकत अडकत वेळेवर पोचलो. काउंटरवर चिठ्ठी दाखवली, कसली तपासणी हवी तेही सांगितलं. “बसा ताई.” पाचच मिनिटांत सिस्टर आल्या, पोरीची मान मागे केली, खालची पापणी ओढली आणि टप टप. मी विचारलं, “आधी डॉक्टर बघणार ना?” “लहान मुलांना आधी ड्रॉप्सच असतात.” मग हातात कापसाचा बोळा आणि “डोळे मिटून ठेव.” मध्येच पुन्हा ड्रॉप्स. दुपार कलली तेव्हा आत घेतलं. ऑप्टोमेट्रिस्टने, म्हणजे नजर तपासणाऱ्यांनी, डोळ्यांची जोडी मोजायची प्रिझमची पट्टी उचलली, पोरीच्या टपोऱ्या काळ्या बाहुल्या पाहिल्या आणि पट्टी परत ठेवून दिली. “ड्रॉप्स घातलेत? मग ही तपासणी आज नाही होणार.”

कारण त्यांनीच समजावलं. या ड्रॉप्सने जवळचं फोकस करणारा स्नायू सैल पडतो, आणि डोळ्यांचं आत वळणं त्या फोकसशीच बांधलेलं असतं. मग मोजणार काय? मुलांचा नंबर काढायला ड्रॉप्स लागतातच, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण चिठ्ठी काउंटरवर कुणी वाचली असती तर? वर पोरीची दुसऱ्या दिवशी घटक चाचणी, आणि समोरचं पान धुरकट.

म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: “जोडीने बघण्याची तपासणी आधी, ड्रॉप्स नंतर.” आत गेल्यावरही सांगा. टोपी किंवा गॉगल न्या, बाहेरचं ऊन सोसत नाही.

पुढच्या खेपेला तपासणी चटकन झाली. पेन्सिलचं टोक नाकाकडे आणताना साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत डोळे जोडीने टिकायला हवेत. हिचा उजवा पंधराच्या आसपासच बाहेर सटकला. कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी, म्हणजे जवळचं बघताना डोळे जोडीने पुरेसे आत न वळणं. मला तर आनंदच झाला, पोरगी नाटकं करत नव्हती!

घरी नुसता पेन्सिल नाकाकडे आणायचा व्यायाम करून भागेल का, हे मी विचारलंच. २००८ साली ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवरचा अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२ आठवडे क्लिनिकमध्ये व्यायाम आणि जोडीला घरचा सराव करणाऱ्यांपैकी ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल करणाऱ्यांत ४३ टक्के. आम्ही क्लिनिक धरलं. घरच्या सरावासाठी खिडकीच्या गजाला मण्यांची दोरी बांधलीय. आता धडा संपेपर्यंत बसते.

राहिलंच: चक्कर वाचताना न येता कधीही येत असेल, सोबत उलट्या, तोल जाणं किंवा अचानक दोन-दोन दिसणं असेल, तर डोळ्यांच्या रांगेत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. आणि दुसऱ्या खेपेची फी मागितली तर जुना कागद पुढे करा. मी काउंटरवरून हललेच नाही, त्यांनी माफ केली.